पुढचा शॉट कोणाचा?

बलात्काराचा प्रसंग असलेला सिनेमा कितपत प्रामाणिक आहे हे पाहायची एक सोपी रीत आहे. प्रसंग कसा चित्रित केलाय ते नंतर बघावं. आधी तो संपताना जो कट पडतो, त्या कटनंतर पडद्यावर कोण येतं ते बघावं. बाईवर अत्याचार झाला असेल तर बहुतेक वेळा तिथे भाऊ येतो, नवरा येतो, नाहीतर बाप. मूठ आवळलेली, डोळे लाल, मागे ढोल वाजतायत. पुरुषावर झाला असेल तर एकतर थिएटर हसतं, नाहीतर थेट 'वीस वर्षांनंतर' अशी पाटी पडते. ज्याच्या अंगावर ते सगळं घडलं, ते माणूस त्या पुढच्या शॉटमध्ये नसतंच. एकदा हे बघायची सवय लागली की भले भले सिनेमे उघडे पडतात आणि दोनचार अनपेक्षितपणे तरतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या हिंदी मसालापटांत हा प्रसंग कॅबरे आणि हाणामारीसारखाच एक ठरलेला माल होता. त्याची भाषाही ठरलेली. दाराला कडी लागते, पदर ओढला जातो, बांगड्या फुटतात, खिडकी वाऱ्याने आपटते, दिवा विझतो आणि कॅमेरा देवाच्या तसबिरीवर जाऊन थांबतो. वरवर पाहता केवढी सभ्यता! पण दिवा विझेपर्यंत कॅमेरा होता कुठे? खलनायकाच्या खांद्यामागे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, खाली पडलेल्या बाईकडे बघत. म्हणजे प्रेक्षकाला बसायला जागा दिली ती त्याच्या बाजूची. नंतर तसबिरीपुढे कितीही हात जोडले तरी ती जागा बदलत नाही. त्यापुढे बाईला वाटा तीनच: विहीर, पांढरी साडी, नाहीतर हातात पिस्तूल. आपल्या ग्रामीण चित्रपटांत दिवाणखान्याच्या जागी वाडा आला, एवढाच फरक. त्या वाड्याची दहशत आज कुठे उरलीय? मिमिक्रीवाल्यांच्या 'बाई, वाड्यावर या'मध्ये, आणि त्यावर सगळं सभागृह हसतं.

१९८० चा 'इन्साफ का तराजू' या भाषेचा उत्तम नमुना आहे, कारण त्याला बोलायचं होतं बाईच्या बाजूने. १९७६ च्या 'लिपस्टिक' या अमेरिकन चित्रपटावर बेतलेली कथा, दिग्दर्शक बी. आर. चोप्रा. मॉडेल असलेल्या भारतीवर (झीनत अमान) रमेश (राज बब्बर) अत्याचार करतो, कोर्टात सुटतो, मग तिच्या धाकट्या बहिणीला गाठतो. शेवटी भारती त्याला गोळी घालते. बहिणीच्या भूमिकेतली पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. चित्रपट तोंडाने जे सांगतो, त्याच्या बरोबर उलट त्याचा कॅमेरा वागतो. लेखणी एकीकडे, लेन्स दुसरीकडे.

पण त्यातला कोर्टाचा भाग आजही काळजीपूर्वक बघावा. बचाव पक्षाचे वकील आहेत डॉ. श्रीराम लागू. आवाज न चढवता, अत्यंत सभ्यपणे ते भारतीच्या आयुष्याची एकेक घडी उलगडत जातात: तिचा व्यवसाय, तिचे फोटो, तिचं त्या माणसाशी आधीचं बोलणं. आजच्या प्रेक्षकाला ही पटकथेची अतिशयोक्ती वाटेल. ती नव्हती. फिर्यादी बाई 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवून तिची साक्ष मोडून काढायची मुभा त्या वेळच्या पुरावा कायद्यातच होती; ते कलम २००२ च्या दुरुस्तीने गेलं. आणि चित्रपट आला तो काळही आठवावा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं होतं. त्याविरुद्ध चार विधिज्ञांनी १९७९ साली खुलं पत्र लिहिलं आणि देशभर मोर्चे निघाले. त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली: पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं, कोठडीतल्या बलात्कारात संमतीबाबतचं गृहीतक बदललं आणि बलात्काराचा खटला बंद दालनात चालवणं बंधनकारक झालं.

या शेवटच्या तरतुदीकडे पटकथालेखकांनी इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलेलं नाही. १९९३ चा 'दामिनी' घ्या. कोर्ट खच्चून भरलेलं, बाकांवर गर्दी, टाळ्या. गर्दीशिवाय संवाद फुलत नाहीत, हे मान्य. पण त्या गर्दीची किंमत कोण देतं? होळीच्या दिवशी जिच्यावर अत्याचार झाला ती मोलकरीण ऊर्मी मध्येच मरते, आणि उरलेला चित्रपट दामिनीच्या सद्सद्विवेकाचा आणि वकिलाच्या मुठीचा होतो. 'तारीख पे तारीख' सगळ्यांना पाठ आहे. ऊर्मीचं एक वाक्य कोणाला आठवतंय?

घटनेनंतरचे पहिले काही तास तर आपल्या पडद्यावर जवळजवळ येतच नाहीत. शॉवरखाली बसलेली बाई येते, ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा येतो, बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर येतो. प्रत्यक्षात काय होतं? आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीआधी संमती घ्यायची, आणि ती तपासणीच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी नाकारता येते. जमिनीवर कागद पसरतात. माणसाने त्यावर उभं राहून एकेक कपडा काढायचा, म्हणजे धागा, केस, माती जे पडेल ते कागदावर राहील. कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये दमट राहून नमुना सडतो. अंगावरचे पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. २०१३ पासून खासगी रुग्णालयालाही मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. त्या जमिनीवरच्या कागदाकडे परत या: कोरा, मोठा, पांढरा कागद, आणि त्यावर उघडी पावलं. दिग्दर्शकाला याहून अधिक काय हवं असतं? इथे किंचाळी नाही, फाटलेला ब्लाऊज नाही. फक्त पावलं आणि कागदाचा आवाज. हा शॉट मुलग्याचाही असू शकतो, पुरुषाचाही. तपासणीची पद्धत तीच.

'घर' (१९७८) मात्र पुढचा शॉट सोडत नाही, म्हणून तो अजून ताजा आहे. रात्रीचा सिनेमा बघून घरी निघालेलं जोडपं, नवऱ्याला डोक्यात मारून पाडतात, बायकोला उचलून नेतात. लोकांना या चित्रपटातली गाणी आठवतात, 'आप की आँखों में कुछ' वगैरे. त्यांतली बरीचशी घटनेआधीच्या सुखाची आहेत, हे सहसा विसरलं जातं. खरा चित्रपट आहे तो नंतरच्या दोन खोल्यांत. रेखाची आरती नवऱ्याचा हात लागला की आकसते. विनोद मेहराच्या विकासला कळत नाही की हात पुढे करणं चूक की न करणं चूक. सूड नाही, खटल्याची धुमश्चक्री नाही. माणिक चटर्जींच्या या चित्रपटात त्या चौघांपेक्षा उशी, दिव्याचं बटण आणि खोलीचं दार जास्त महत्त्वाचं आहे.

आता तेंडुलकरांकडे वळावं लागेल. गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'ची (१९८०) सुरुवात होते चितेने. हातात बेड्या असलेला लहान्या भिकू बायकोला अग्नी देतो. खून केल्याचा आरोप त्याच्याचवर. ओम पुरी जवळजवळ अख्खा चित्रपट बोलत नाही. आपण नागीला, म्हणजे स्मिता पाटीलला, भेटतो ती मेल्यावरच. विजय तेंडुलकरांच्या पटकथेची ताकद निर्विवाद आहे, आणि तरीही इथे माझी कुरकुर आहे: हा चित्रपट ज्या मौनाचा म्हणून ओळखला जातो ते नवऱ्याचं मौन आहे. नागीचं मौन कोणी मोजलंच नाही. शेवटी बापाच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून आपल्याच बहिणीला मारतो, ती बायकोवर अत्याचार करणाऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून. पडद्यावर राहतो त्याचा आभाळाकडे बघून फुटलेला आक्रोश. बहीण तेवढ्यात फ्रेमबाहेर गेलेली असते.

'बँडिट क्वीन'वर (१९९४) इतकं लिहिलं गेलंय की थोडक्यात सांगते. कोठीतल्या प्रसंगात दार करकरतं, उजेडाच्या पट्टीत एक आकृती येते, दार मिटतं, पुन्हा करकरतं. प्रेक्षक खालच्या अंधारात, तिच्या बाजूला. दृश्यभाषेच्या हिशोबाने हे वरच्या तसबिरीपेक्षा हजारपट सच्चं आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, की यातली नग्नता उद्दीपनासाठी नसून शिसारी आणण्यासाठी आहे, आणि चित्रपटाला मोकळीक दिली. पण ज्या बाईचं हे आयुष्य होतं ती, फूलन देवी, तेव्हा जिवंत होती, तिने आक्षेप घेतला होता, आणि जिवंत बाईचा बलात्कार तिच्या परवानगीवाचून पुन्हा उभा करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असं लेखिका अरुंधती रॉय यांनी १९९४ सालीच विचारलं होतं. कॅमेरा बरोबर जागी असूनही हा प्रश्न सुटत नाही.

पुरुषांकडे येताना आधी शब्द अडतो. बाईच्या बातमीला मराठी वर्तमानपत्र 'अत्याचार' म्हणतं. मुलग्याची बातमी 'अनैसर्गिक कृत्य' होते. हिंसा गायब, उरतो तो फक्त निसर्गाचा अपमान! कायद्याचीही तीच तऱ्हा. १८ वर्षांखालच्या मुलग्याला २०१२ च्या पोक्सो कायद्याचं संरक्षण आहे. प्रौढ पुरुषासाठी दंड संहितेतल्या 'अनैसर्गिक' संभोगाच्या कलम ३७७ चा वळसा घालावा लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलमच नाही आणि बलात्काराच्या व्याख्येत बळी बाईच असावी लागते. सेन्सॉरची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वंही 'स्त्रियांवरील' लैंगिक हिंसेची दृश्यं टाळावीत, कथेला गरज असेल तर कमीत कमी आणि तपशिलाशिवाय दाखवावीत, असं सांगतात. पुरुष त्या वाक्यात बसतच नाही. दुसरीकडे, महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून किंचित जास्त, ५२.९४ टक्के, मुलगे होते. हे मुलगे मोठे होऊन तिकीट काढून थिएटरात बसतात. आणि 'थ्री इडियट्स'मध्ये (२००९) भाषणातल्या 'चमत्कार'च्या जागी 'बलात्कार' पडला की आजूबाजूचे सगळे खो खो हसतात, तेव्हा त्यांनाही हसावंच लागतं.

इंग्रजी सिनेमाने पुरुषाचा प्रसंग आधी दाखवला, पण पुढच्या शॉटचं कोडं त्यालाही सुटलं नाही. १९७२ च्या 'डिलिव्हरन्स'मध्ये चार शहरी मित्र नदीत होड्या घालतात; दोन डोंगरी माणसं त्यातल्या दोघांना बंदुकीच्या धाकाने अडवतात आणि त्यांतला एक बॉबीवर अत्याचार करतो. तेवढ्यात चौघांतल्या लुईसचा बाण सुटतो, एक हल्लेखोर मरतो. आणि पुढचा शॉट? प्रेताचं काय करायचं यावर चौघांची चर्चा, मग मतदान. त्या क्षणापासून चित्रपटाचा प्रश्न 'खून लपवायचा का' हा होतो. बॉबीला कोणी विचारत नाही, आणि त्यालाही हे कुठे फुटायला नको आहे. नेड बीटीने ती लाज इतकी नेमकी उभी केली की हल्लेखोराने त्याला काढायला लावलेला डुकराचा आवाज पुढे दशकानुदशकं पार्ट्यांतला विनोद झाला. अभिनय चांगला होता म्हणून विनोद झाला, हे फारच विचित्र बक्षीस.

'शॉशँक रिडेम्प्शन'मध्ये (१९९४) तुरुंगात अँडीला मारहाण सुरू झाली की सोबतचा कैदी रेड याचा निवेदनाचा आवाज पुढे होतो आणि प्रसंग सांगण्यात विरघळतो. निवेदन दयाळू आहे, यात शंका नाही. पण अँडी स्वतः त्याबद्दल कधी बोलत नाही. त्याची सुटका होते ती पहारेकऱ्यांनी हल्लेखोराला अधू केल्यामुळे. पुरुषाच्या बाबतीत हिंसेचं उत्तर हिंसेने दिलं की हिशोब मिटला, असा पटकथेचा अलिखित नियम आहे. बाईच्या बाबतीत तो हिशोब भाऊ मिटवतो. दोन्हीकडे मलम लागतं ते प्रेक्षकाला.

'मिस्टिक रिव्हर' (२००३) मला या सगळ्यांपेक्षा जास्त खुपतो. तीन पोरं फुटपाथच्या ओल्या सिमेंटमध्ये काडीने नावं कोरतायत. दोघांची पूर्ण होतात. तिसरा, डेव्ह, पहिली दोन अक्षरं लिहितो तोच पोलीस असल्याची बतावणी करणारे दोघे त्याला गाडीत घालून नेतात. चार दिवसांनी तो पळून येतो. सिमेंट वाळलेलं असतं. पंचवीस वर्षांनीही ते अर्धं नाव तिथंच. इतकी अचूक प्रतिमा सापडल्यावर चित्रपट काय करतो? मोठ्या झालेल्या डेव्हवर खुनाचा संशय घालतो. ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे कोणावर तरी करणारच, ही लोकांची पक्की समजूत. कथा त्या समजुतीचा गळ टाकते, त्याची बायको तो गिळते, आणि त्या खुनाशी संबंध नसलेला डेव्ह मित्राच्या हातून मरतो. टिम रॉबिन्सला ऑस्कर मिळालं. चित्रपट त्या समजुतीला चूक ठरवतो खरा, पण दोन तास तिच्यावरच पोट भरतो.

मुलग्यांच्या मनातला गुंता सगळ्यांत नीट पकडलाय तो ग्रेग अराकीच्या 'मिस्टीरियस स्किन'ने (२००४). एका प्रशिक्षकाने नासवलेली दोन मुलं. एकाला वाटतं आपल्याला परग्रहावरच्यांनी पळवलं होतं, कारण त्याच्या आठवणीतले पाच तासच कोरे आहेत. दुसऱ्याला वाटतं ते प्रेम होतं, आपण खास होतो. शरीर गोठणं, शरीराने आपोआप साथ देणं, आणि त्यालाच नंतर संमती समजून स्वतःला दोष देत बसणं, हे पुरुषांच्या बाबतीत सर्रास घडतं आणि पडद्यावर कधी उच्चारलं जात नाही. चित्रीकरणाची युक्तीही शिकण्यासारखी: बालकलाकारांना वेगळी, निरुपद्रवी संहिता दिली आणि पात्रं थेट लेन्सकडे बघून बोलतील असे शॉट वेगवेगळे घेऊन टेबलावर जोडले. मुलाच्या जागी बसतो प्रेक्षक, त्यामुळे मूल त्या खोलीत असायची गरजच उरत नाही. आपल्याकडे ओनीरच्या 'आय ॲम'मधली (२०१०) 'अभिमन्यू' ही कथा सावत्र बापाकडून झालेला छळ मोठ्या झालेल्या मुलाच्याच तोंडून ऐकवते. या चित्रपटासाठी पैसा शेकडो सामान्य लोकांनी वर्गणीसारखा दिला होता. निर्मात्यांच्या रांगेत हा विषय कुठे उभा आहे ते यावरून कळावं.

सेटवरचं तंत्र आता बरंच पुढे गेलंय. 'लास्ट टँगो इन पॅरिस'मध्ये (१९७२) मारिया श्नायडरला प्रसंगाचा तपशील मुद्दाम सांगितला नव्हता, तिचा खरा अपमान हवा होता, असं दिग्दर्शक बेर्तोलुचीने पुढे स्वतःच कबूल केलं. आता इंटिमसी को-ऑर्डिनेटर असतो. कुठे हात लागेल, कुठे नाही, हे आधी लेखी ठरतं. सेटवर मोजकी माणसं, मॉनिटर एकच. दोन अंगांमध्ये पॅड. फाटायचा कपडा शिवणीवर आधीच उसवून कच्च्या टाक्याने धरलेला, म्हणजे हलक्या हिसक्याने सुटतो. हल्लेखोराचा भार त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर. केस ओढायचे असतील तर ओढणारा फक्त मूठ डोक्याला टेकवतो. जिचे केस ओढले जातायत तीच त्याचं मनगट धरून डोक्याशी घट्ट दाबते आणि हालचाल स्वतः करते. पडद्यावर दिसतं की तिला फरपटत नेलं. प्रत्यक्षात सूत्रं तिच्या हातात. गडबड होते ती दिग्दर्शक 'जरा खरं वाटू दे' म्हणत आठवा टेक मागतो तेव्हा, आणि नट पुरुष असेल तेव्हा. त्याला पॅड हवंय का, हे विचारायचंच राहून जातं.

प्रसंग कथेत कुठे ठेवायचा, हाही तंत्राचाच भाग. 'द अक्यूज्ड' (१९८८) तो जवळजवळ शेवटी ठेवतो, एका साक्षीदाराच्या जबानीतून, आणि खटला चालतो तो बघत टाळ्या पिटणाऱ्यांवर. थिएटरात बसून बघणाऱ्याला आपली खुर्ची तेव्हा टोचायला लागते. 'पिंक' (२०१६) त्या रात्री काय घडलं ते श्रेयनामावली सुरू झाल्यावर दाखवतो. तोवर आपल्याकडे फक्त तीन मुलींचा शब्द असतो.

आणि 'नटरंग'. रवी जाधवांचा २०१० चा चित्रपट, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. कुस्तीचं अंग असलेला गुणा कलेपायी नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी आधी ते पैलवानी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. चित्रपटाचा अर्धा आशय त्या उतरलेल्या खांद्यांत आहे. राजकारणाच्या वैरातून गुंड फड जाळतात आणि गुणावर अत्याचार करतात. मराठी पडद्यावर पुरुषाच्या बाबतीत हे इतक्या उघडपणे क्वचितच आलंय, आणि का घडतं तेही लख्ख कळतं: बाईसारखं चालणाऱ्या पुरुषाला त्याची जागा दाखवायची असते. पुढे घरही त्याला आपलं म्हणत नाही. मग वर्षं भराभर उलटतात, आणि म्हाताऱ्या गुणाला जीवनगौरव पुरस्कार मिळतो. टाळ्यांचा कडकडाट होतो.

त्या रात्रीनंतर पहिल्यांदा फड लागला असेल. कनातीत आरसा टेकवलेला, समोर गुणा बसलेला. पायात चाळ बांधायला कोणीतरी खाली वाकतं आणि त्याच्या घोट्याला हात लावतं. तो शॉट अजून कोणी घेतलेला नाही.